ओळ खाली बसू द्यायची

“तुझं नाव काय, आणि—”

“अंबादास.”

“—आणि गाव कोणतं, असं विचारत होते.”

“पाचंगे. अंबादास पाचंगे. वय पंधरा. सातवी नापास. चोरी आन मारहाण. अजून काय?”

“गाव राहिलं.”

तो हसला. हसता हसताच माझ्या टेबलावरचं पेन उचललं, टोपण काढलं, लावलं, पुन्हा काढलं, खिडकीकडे मान वळवली आणि म्हणाला, “ताई, तुमच्या नळाला पाणी आलं.”

अंगणाच्या टोकाच्या नळाला खरंच पाणी आलं होतं. बाकी कुणालाही ते ऐकू आलं नव्हतं.

दाराशी काळजीवाहक गवळीमामा उभे होते. ते म्हणाले, “ह्याच्या बुडाला भिंगरी हाय ताई. ह्याला शिकवायचं म्हंजे वाऱ्याची मोट बांधायची.”

“मोट आमच्या आज्याकडं हुती,” अंबादास लगेच म्हणाला. “इकली.”

या गोष्टीला आता चौदा वर्षं झाली. बालाघाटाच्या पायथ्याच्या त्या जिल्ह्याच्या गावात मी एका संस्थेतर्फे निरीक्षणगृहात जायची. लोक त्या दगडी इमारतीला रिमांड होमच म्हणत. गुन्ह्यात सापडलेल्या ज्या मुलांचं लक्ष एका जागी ठरत नाही, हात आणि जीभ मनाच्या आधी पळतात, त्यांना थांबून विचार करायला शिकवायचं, हे माझं काम. त्यासाठी बारा पाठांची एक पुस्तिका होती. मुखपृष्ठावर चार चित्रं: थांब, ऐक, ठरव, बोल. मी सव्वीस वर्षांची होते आणि पुस्तिकेवर माझा फार विश्वास होता.

अंबादासचं प्रकरण असं. गावाबाहेरच्या एका जिनिंग मिलमध्ये संध्याकाळी वीज गेली असताना तांब्याच्या तारेची चोरी झाली. म्हातारा राखणदार आडवा आला. कुणीतरी त्याच्या डोक्यात पहार घातली. अकरा टाके पडले. म्हातारा वाचला, पण अंधारात मारणारा त्याला दिसला नाही. कुंपणापाशी सायकल धरून उभा असलेला अंबादास तेवढा सापडला. बाल न्याय मंडळापुढे त्याला उभं केलं तेव्हा दंडाधिकारी मॅडमनी विचारलं, “त्या संध्याकाळी तू कुंपणापाशी होतास, आणि राखणदाराला—”

“व्हय,” अंबादास म्हणाला.

मॅडमना शंका आली. चष्मा काढून त्यांनी मुद्दाम पुन्हा विचारलं, “आणि मिलपर्यंत तू हत्तीवर बसून आलास, आणि—”

“व्हय.”

सगळी खोली हसली. मॅडम हसल्या नाहीत. त्यांनी सहा आठवड्यांची मुदत दिली आणि माझ्याकडे बघून म्हणाल्या, “शैलजाताई, याला प्रश्न पूर्ण ऐकायला शिकवा. मग मी तोच प्रश्न पुन्हा विचारीन. तेव्हाही हो म्हणाला, तर मला त्याचं उत्तर धरावंच लागेल.”

धरलं, तर तीन वर्षं विशेष गृह, दोन जिल्हे पलीकडे. नाही म्हणाला, तर आईच्या हवाली, देखरेखीखाली. एका ‘हो’चा आणि एका ‘नाही’चा सगळा प्रश्न. मला त्याला एकच गोष्ट शिकवायची होती. समोरच्याचं बोलणं संपेपर्यंत थांबणं.

पहिले दोन आठवडे वाया गेले. मी सिग्नलचं चित्र दाखवलं. लाल दिवा म्हणजे थांब.

“आमच्या गावात सिग्नल न्हाई, ताई. आन जिल्ह्याला हाय तो बंद असतोय.”

मी गोष्ट सांगायची आणि ‘पाणी’ हा शब्द आला की त्याने टाळी द्यायची, असा एक खेळ होता. तो पहिल्या वाक्यालाच टाळी द्यायचा आणि म्हणायचा, “येणारच हुता ना पुढं!” सतरंजीची झालर त्याने बसल्या बसल्या पाऊणभर उसवली. बाकीची पोरं त्याला ‘व्हयबा’ म्हणून चिडवायला लागली. जेवायला बसलं की कुणीतरी ओरडायचं, “व्हयबा, तू गाढव हायेस, आन—” आणि तो अर्ध्यातच “व्हय” म्हणून जायचा. मग मात्र त्याचा चेहरा पडायचा. प्रश्न आपल्याला फसवतो हे त्याला कळायचं, पण कळायच्या आधीच शब्द सुटलेला असायचा. उंबरा ओलांडून गेलेल्या वासरासारखा.

तिसऱ्या आठवड्यात एका दुपारी जेवणघरातून आवाज आला. स्टीलचं ताट उपडं घालून अंबादास त्यावर बोटांनी वाजवत होता. साधं बडवणं नव्हतं ते. एक हात बोलत होता, दुसरा हात त्याला उत्तर देत होता. गवळीमामांनी ताट हिसकावलं.

“राहू द्या मामा,” मी म्हटलं. “काय वाजवतोस रे?”

“संबळ. बा वाजवायचा. गोंधळी हाय आमी.”

“आणि तू?”

“म्या झील धरायचो. सव्वा पाच वर्साचा हुतो तवापास्नं. बा गेला, मंग सुटलं.”

“झील धरायची म्हणजे काय करायचं?”

आणि त्या पोराने, जो अर्धं मिनिटही एका जागी बसत नसे, मांडी घातली. पाठ ताठ केली.

“देवीम्होरं मुख्य गोंधळी ओळ टाकतो. आपण मागं उभं ऱ्हायचं. ती ओळ पुरी खाली बसू द्यायची. बसली, की मंग उचलायची. आदी उचलली तर बा संबळाच्या काडीनं हाणायचा.”

“खाली बसली हे कसं कळतं?”

“कळतंय की. धूळ बसती तसं.”

“आणि एखाद्यानं उचललीच नाही तर?”

त्याने जीभ चावली. “तर ओळ पडती. देवीम्होरं ओळ पडली तर लई वंगाळ. पडू द्यायची न्हाई. मंग जो जवळ असंल त्यानं उचलायची.”

“तुझी आई म्हणते का झील?”

“बाया न्हाईत धरत झील,” माझ्या अडाणीपणाला तो हसला. “आये लांब बसून ऐकती. पर तिला समद्या ओळी पाठ हायत.”

माझी मावशी जात्यावर बसायची तेव्हा खुंटा एका हातातून दुसऱ्या हातात घ्यायला ओवीच्या मधेच थांबायची. लहानपणी मला वाटायचं, विसरली. पण ती विसरलेली नसायची. त्या थांबण्यातच ओवी मुरायची. हे मला ठाऊक होतं आणि तरी मी दोन आठवडे त्या पोराला सिग्नल दाखवत बसले होते.

पुस्तिका कपाटात गेली. दुसऱ्या दिवसापासून मी प्रश्न ओळीत बांधून टाकायला लागले.

“सांज झाली, वीज गेली, कुंपणाला कोण उभा?”

अंबादासची बोटं मांडीवर टपटपायची. एक, दोन. मग तो उचलायचा, “जी जी जी, म्या उभा.”

“सायकलीची मूठ धरून, वाट कुणाची बघत उभा—”

इथे मी मुद्दाम थांबायची. ओळ अर्धी. पहिल्यांदा तो घसरला. दुसऱ्यांदा घसरला. तिसऱ्यांदा त्याचे ओठ उघडले आणि मिटले. बोटं तेवढी हलत राहिली.

“—आन पहार कुणी घातली बाबा?”

टप. टप.

“जी जी जी, म्या न्हाई.”

गवळीमामा दारात हातातला झाडू विसरून उभे होते. “आयला,” ते म्हणाले, “पोरगं थांबलं की.”

हळूहळू आम्ही चाल सोडली, जी जी सोडलं. साधे प्रश्न, साधी उत्तरं. फक्त मांडीवर दोन टिचक्या राहिल्या. पाचव्या आठवड्यात पोरांनी त्याला व्हयबा म्हणायचं सोडून दिलं, कारण मजाच येईना. त्याच आठवड्यात त्याने मला खरं सांगितलं. पहार त्याच्या थोरल्या भावाने, परशुरामने घातली होती. अंबादासला नुसतं ‘सायकल धर’ म्हणून नेलं होतं.

“कुणाला सांगायचं न्हाई ताई. देवीची आण.”

मी आण घेतली. मला वाटलं, सांगायची वेळच येणार नाही. त्याने ‘मी नाही’ एवढं म्हटलं की झालं. पुढचं पोलिसांनी बघावं.

सुनावणीच्या आधीच्या रविवारी त्याची आई भेटायला आली. सोनाबाई. उन्हाने रापलेली, बारकीशी बाई, पदराला भाकरी बांधलेली. मी मोठ्या हौसेने तिच्यापुढे त्याला प्रश्न घातले. तो थांबला, थांबून बोलला. बाई पदर तोंडाला लावून रडायला लागली.

“ह्याच्या बापाला बघाया पायजे हुतं,” ती म्हणाली. “तेंच्या हाताखाली असाच उभा ऱ्हायचा. म्या लांबनं बघायची.”

मग तिने विचारलं, “ताई, दोन शबुद एकटीनं बोलू का लेकाशी?”

मी अंगणात गेले. दोघं लिंबाखाली बसली. ती बोलत होती, तो ऐकत होता. मधे एकदाही बोलला नाही. लांबून बघताना मला अभिमान वाटला, हे मी आज लपवत नाही.

आई गेल्यावर तो माझ्याकडे आला. “ताई, बारक्याला किती वरीस देत्यात, आन मोठ्या मानसाला—”

“जास्तीत जास्त तीन. पण तू त्याचा विचार करू नकोस. तुला काही होत नाही. चल, शेवटचा सराव करू.”

तो माझ्याकडे बघत राहिला. मग म्हणाला, “बरं.”

सुनावणीची खोली लहान होती. एक लांब टेबल, भिंतीशी बाक, वर कटकट करणारा पंखा. टेबलामागे मध्ये दंडाधिकारी मॅडम, दोन्ही बाजूंना दोन सदस्य. एका कडेला सरकारी वकील, दुसऱ्या कडेला अंबादासला मोफत मिळालेले वकील. बाकावर सोनाबाई. परशुराम आला नव्हता. “कामावर गेलाय,” ती कुणी न विचारताच म्हणाली.

मला बसायची परवानगी होती, बोलायची नव्हती.

मॅडमनी आधी साधे प्रश्न विचारले. नाव, गाव, शाळा. अंबादासची बोटं पँटच्या शिवणीवर वाजत होती. टप टप, उत्तर. टप टप, उत्तर. मॅडमच्या भुवया वर गेल्या. त्यांनी माझ्याकडे एक नजर टाकली.

“आता नीट ऐक. मी एका दमात विचारणार नाही. त्या संध्याकाळी तू कुंपणापाशी होतास...”

त्या थांबल्या. शेजारच्या ग्लासातलं पाणी प्यायल्या. हे मुद्दाम होतं. जुना अंबादास इथे केव्हाच घसरला असता.

तो हलला नाही. पंखा कटकटत होता. सरकारी वकील कुजबुजले, “बोलत नाहीये तो.” थांब राजा, मी मनात म्हटलं. ओळ अजून वर आहे.

“...आणि राखणदाराच्या डोक्यात पहार तू घातलीस. हे खरं की खोटं?”

ओळ संपली. टप. टप.

त्याने मान वळवली आणि बाकाकडे बघितलं. सोनाबाईने मान खाली घातली. त्याची बोटं आणखी वाजली. तीन. चार. पाच. इतका वेळ तो सरावातही कधी थांबला नव्हता.

मग त्याने मॅडमकडे बघितलं आणि सावकाश, एकेक शब्द ठेवत म्हणाला, “खरं हाय. म्याच घातली.”

मला आधी वाटलं, घसरला. मग त्याचा चेहरा बघितला. व्हयबाचा तो पडलेला चेहरा नव्हता. शब्द सुटून गेल्यावर मागे बघणारा चेहरा नव्हता. शब्द हातात धरून, वजन करून ठेवला होता त्याने. आणि रविवारी मी अर्ध्यात तोडलेला त्याचा प्रश्न मला तिथे, त्या पंख्याखाली, पुरा ऐकू आला. बारक्याला किती, आणि मोठ्या माणसाला किती. उरलेला अर्धा ऐकायला मीच थांबले नव्हते.

“शैलजाताई,” मॅडम म्हणाल्या, “तुम्ही सहा आठवडे याच्याबरोबर आहात. सांगा. याला प्रश्न कळला आहे का?”

‘नाही’ म्हणायचं होतं मला. किती सोपं होतं! नाही मॅडम, लक्ष नाही त्याचं, आवेगात बोलला, आणखी सहा आठवडे द्या. माझ्या जिभेच्या टोकावर ते येऊन उभं होतं. अंबादास माझ्याकडे बघत होता. त्याने शिवणीवरचं एक बोट जरासं उचललं. गोंधळात पुढचा मागच्याला ‘दम धर अजून’ म्हणून खुणावतो तसं. की देवीच्या आणेची आठवण करून दिली? मला आजही ठरवता येत नाही.

मी दोन टिचक्यांइतकी थांबले.

“कळला, मॅडम. पूर्ण कळला. उत्तरही त्याने विचार करूनच दिलं आहे.” मी अंबादासवरची नजर काढली. “ते खरं आहे का, एवढं मात्र मला विचारू नका.”

“म्हणजे?”

मी उत्तर दिलं नाही. आण होती.

सरकारी वकिलांनी पेन खाली ठेवलं. मॅडम माझ्याकडून अंबादासकडे, अंबादासकडून माझ्याकडे बघत होत्या. तो समोरच्या भिंतीकडे बघत ताठ उभा होता. त्याची बोटं वाजायची थांबली होती. तो ‘म्हणजे?’ पंख्याखाली तसाच लोंबकळत राहिला. कुणीच तो उचलेना. मॅडमनी शेवटी मान हलवली आणि लिहायला कागद पुढे ओढला.

बाक करकरला.

सोनाबाई उभी राहिली होती. पदर डोक्यावरून खाली आला होता तो तिने सावरला नाही.

“थोरल्यानं मारलंय,” ती म्हणाली. आवाज बारीक होता, पण सुरात होता, जणू कुठून उचलायचं ते तिला नेमकं ठाऊक होतं. “माज्या परशानं. म्या ऐतवारी ह्याला सांगितलं, तू बारका हायेस, तुला लवकर सोडत्याल, थोरल्याला लई वरसं पडत्याल. घरात सून पोटुशी हाय. तू व्हय म्हण. म्या सांगितलं, बाईसाब. ह्यानं न्हाई. ह्यानं निस्ती सायकल धरली.”

“आये!” अंबादास ओरडला.

“बसा, बाई,” मॅडम हलकेच म्हणाल्या. पण ती बसली नाही. सगळं सांगून होईपर्यंत उभीच राहिली. कोपऱ्यातला लेखनिक लिहीत राहिला.

पुढचं थोडक्यात. परशुराम दोन दिवसांनी आपणहून ठाण्यात गेला. त्याला शिक्षा झाली. अंबादास देखरेखीखाली घरी गेला. सुनेला मुलगी झाली, आणि ती पहिली दीड वर्षं चुलत्याच्याच अंगाखांद्यावर वाढली. अंबादास आता मुख्य गोंधळी म्हणून पुढे उभा राहून गोंधळ घालतो. पंचक्रोशीतून बोलावणं येतं. मागच्या लग्नसराईत एका मांडवात मी त्याला ऐकलं. ओळ टाकली की तो थांबतो, आणि लोक श्वास धरतात.

मी माझ्या अहवालात लिहिलं की प्रशिक्षण यशस्वी झालं. ते खरं होतं. संस्थेने तो अहवाल इतरांना दाखवायला ठेवला. त्यात मी रविवारचा तो प्रश्न लिहिला नव्हता. आज लिहिते आहे.

पण त्या दिवसातलं मला सगळ्यात जास्त आठवतं ते सुनावणीनंतरचं. आम्ही व्हरांड्यात उभे होतो. गवळीमामांनी कुणी न सांगता तिघांना चहा आणला होता. अंबादास भिंतीला तोंड करून रडत होता. त्याचे खांदे हलत होते. सोनाबाई त्याच्या मागे उभी होती; हात लावावा की नाही, हे तिला ठरवता येत नव्हतं.

“तू मधीच का बोललीस?” तो भिंतीकडेच तोंड करून म्हणाला. “आये, मधीच का बोललीस तू?”

बशीतला चहा निवत होता.

“मधी न्हाई रं,” ती म्हणाली. “ओळ खाली बसली हुती. कुणी उचलंना.”